वऱ्हाडांतील चोरटें बियाणें

चोरटा व्यापार म्हटला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें काळोखी रात्र, डोंगरांतील आडवाट आणि तोंडाला फडकें गुंडाळून चाललेला मनुष्य उभा राहतो. कादंबऱ्या व बोलपट यांनीं हें चित्र इतकें पक्कें करून ठेवलें आहे कीं, त्याहून निराळ्या रूपाचा चोरटा व्यापार दिवसाउजेडीं समोरून गेला तरी तो ओळखूं येत नाहीं. मेक्सिकोच्या हद्दीला लागून असलेल्या एल पासो किंवा लारेडो या अमेरिकन शहरांविषयींही परक्यांची अशीच समजूत असते. प्रत्यक्षांत त्या हद्दीवर पकडल्या जाणाऱ्या मादक द्रव्यांचा मोठा भाग ओसाड वाळवंटांत सांपडत नाहीं. तो सांपडतो जकातनाक्यावर, रोज ये-जा करणाऱ्या मोटारींत आणि मालाच्या ट्रकांत. माल लपविण्यास गर्दीसारखी जागा नाहीं, हें तेथील टोळ्यांना कोणी शिकवावें लागलें नाहीं.

अमरावती आणि अकोला हीं परराष्ट्राच्या हद्दीवरचीं शहरें नव्हत. उत्तरेस सातपुड्याची रांग ओलांडली कीं मध्य प्रदेश लागतो, आणि पश्चिमेकडे जाणारा हमरस्ता धुळ्यावरून गुजराथेंत उतरतो, एवढाच काय तो त्यांचा सीमेशीं संबंध. तरी पण दरवर्षीं उन्हाळ्यांत, आणि विशेषेंकरून मे महिन्यांत, या दोन जिल्ह्यांत एक मोठा चोरटा व्यापार शिस्तीनें व जवळजवळ निःशब्दपणें पार पडतो. यांतला माल सोनें नव्हे, अफूही नव्हे. गुटखा या वाटेनें येतो खरा. महाराष्ट्रांत २०१२ सालीं त्यावर बंदी आली, तेव्हांपासून मध्य प्रदेशाकडून येणारा गुटखा पकडल्याच्या बातम्या वऱ्हाडांतील वर्तमानपत्रांत नित्याच्या झाल्या आहेत. पण येथें सांगावयाची हकीकत त्याहून वेगळ्या वस्तूची आहे. ती वस्तु म्हणजे कापसाचें बियाणें. शेतकरी त्याला ‘चोरबीटी’ म्हणतात, आणि हें नांव उच्चारतांना त्यांच्या तोंडावर अपराध्याचा भाव क्वचितच दिसतो.

कापूस आणि वऱ्हाड यांचें नातें श्रोत्यांस नव्यानें सांगावयास नको. १८५३ सालीं निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत आला. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि येथील काळ्या जमिनीला एकाएकीं सोन्याचें मोल आलें. आगगाडी आली, खामगांवचा कापूस-बाजार नांवारूपास आला, ठिकठिकाणीं जिनें उभीं राहिलीं. त्या दिवसांत शेतकऱ्याला बियाण्याची काळजी फारशी नसे. कापूस पिंजून निघालेली सरकी तो घरीं आणी, पेरणीच्या आदल्या दिवशीं शेणमातींत चोळी, आणि पेरी. बियाणें हा दुकानांतून विकत आणावयाचा पदार्थ आहे, ही गोष्ट त्याच्या अंगवळणीं पडली ती १९७० नंतर, संकरित वाण आल्यावर. संकरित कपाशीची सरकी दुसऱ्या वर्षीं पेरली तर मूळचा गुण टिकत नाहीं. म्हणून दरसाल नवें पाकीट घ्यावेंच लागतें. अर्ध्या किलोहूनही कमी वजनाचें हें पाकीट, एकराला एक किंवा दोन लागणारें, ठराविक पंधरवड्यांत हजारों घरांना एकदम हवें असणारें. चोरट्या व्यापाराला याहून सोयीचा माल कोणता?

बीटी हीं अक्षरें एका जंतूच्या नांवाचीं आद्याक्षरें आहेत. मातींत राहणाऱ्या ‘बॅसिलस थुरिंजेन्सिस’ या जंतूच्या अंगीं अळीला मारक असें एक द्रव्य तयार करण्याचा गुण असतो. त्या गुणाचें बीज, म्हणजे जनुक, काढून शास्त्रज्ञांनीं तें कपाशींत बसविलें. अशा कपाशीला हिंदुस्थानांत पहिली सरकारी मंजुरी २००२ सालच्या मार्च महिन्यांत मिळाली. तथापि मंजुरीच्या आधींच हें बियाणें देशांत पेरलें गेलेलें होतें, हें विसरतां कामा नये. २००१ सालीं गुजराथेंत बोंडअळीनें कपाशीचा फडशा पाडला असतां कांहीं शेतें मात्र हिरवींगार उभीं राहिलीं. चौकशी करतां ‘नवभारत १५१’ या नांवानें विकलेल्या त्या बियाण्यांत तें जनुक परवानगीवांचून आलेलें निघालें. पीक जाळून टाकण्याचा हुकूम सुटला; शेतकरी आडवे आले; कापूस बाजारांत केव्हांच जाऊन मिसळला होता. सरकारी मंजुरीच्या पुढें बियाण्यानें धांवण्याचा प्रकार तेव्हांपासूनचा आहे, आणि गुजराथ हें त्याचें मूळपीठ आहे.

२००६ सालीं दोन जनुकांची सुधारलेली जात आली. तिसरी पायरी होती तणाची. ग्लायफोसेट नांवाचें तणनाशक हिरव्या पाल्यावर पडलें कीं बहुतेक प्रत्येक झाडाचा जीव घेतें, त्यांत तण आणि पीक असा भेद तें करीत नाहीं. परंतु कपाशींत आणखी एक जनुक घातलें तर त्या विषाची बाधा कपाशीपुरती नाहींशी होते. या जातीसाठीं महाराष्ट्रांतील एका मोठ्या बियाणें कंपनीनें केलेला अर्ज २०१६ सालीं तिनेंच परत घेतला. सरकारशीं त्या कंपनीच्या परदेशी भागीदाराचें तंत्रज्ञानाच्या वांटपावरून बिनसलें होतें. अर्ज परत गेला. बियाणें मात्र परत गेलें नाहीं. तें शेतांत येऊन पोंचलें होतें. २०२४ सालच्या अखेरपर्यंत तरी या जातीला मंजुरी मिळालेली नव्हती, आणि या सर्व वर्षांत ती वऱ्हाडांत पेरली जात होती.

शेतकऱ्याला हें बियाणें एवढें हवेंसें कां वाटावें, हें शहरांतील मनुष्याला चटकन कळत नाहीं. त्यासाठीं जुलै महिन्यांत पूर्णेच्या खोऱ्यांत जावें. आठ-आठ दिवस झड लागते. काळी जमीन इतकी चिकट होते कीं, पायताणाला मणभर चिखल चढतो. वाफसा येत नाहीं तोंवर डवरा चालविणें अशक्य. अशा वेळीं केना, कुंदा, लव्हाळा यांना मात्र वाफशाची वाट पाहावी लागत नाहीं. वीतभर कपाशीच्या डोक्यावरून तण वर निघतें, आणि आकाश उघडलें कीं साऱ्या गांवाला एकाच दिवशीं निंदणाऱ्या बायका हव्या असतात. मग मजुरीचा दर चढतो, शेजारच्या गांवाहून ऑटोरिक्षा भरभरून बायका आणाव्या लागतात, सकाळीं उशीरां येऊन दुपारीं लवकर उठतात म्हणून मालकानें कुरकुर करावयाची आणि दुसऱ्या दिवशीं त्यांच्याच दारीं पुन्हां जावयाचें. या साऱ्या कटकटीच्या जागीं पाठीवरच्या पंपाच्या दोन फवारण्या पुरतात असें कोणी सांगितलें, तर शेतकरी कायद्याचें पुस्तक उघडून बसत नाहीं. त्यांतून अधिकृत बीटीचा दरारा ओसरलेला. २०१७ सालीं विदर्भांत गुलाबी बोंडअळीनें बोंडें आंतून पोखरलीं, तेव्हां परवान्याच्या पाकिटानें कोणाचेंही रक्षण केलें नाहीं. सरकारी शिक्क्याचें बियाणें आणि बिनशिक्क्याचें बियाणें यांतला शेतकऱ्याला कळणारा फरक त्या हंगामांत फारच थोडा उरला.

आतां हा माल येतो कसा, तें पाहावें. जप्तीच्या प्रकरणांतून आणि सरकारी चौकशांतून जें वारंवार बाहेर आलें आहे त्यावरून एक साखळी दिसते. संकरित सरकी तयार करणें हें सर्वस्वीं हाताचें काम आहे. सायंकाळीं उद्यां उमलणाऱ्या कळीचे पुंकेसर नखांनीं खुडून काढावयाचे, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग तिच्यावर फिरवावयाचे. असें शेकडों कळ्यांचें. गुजराथेंत हा बीजोत्पादनाचा धंदा पिढीपासून चालत आला आहे. मंजूर वाणाचा प्लॉट आणि नामंजूर वाणाचा प्लॉट यांत बांधावरून पाहणाऱ्यास कांहीं अंतर दिसत नाहीं. कळ्या खुडणाऱ्या मजुरालाही दिसत नाहीं. कापूस वेचून जिनाकडे जातो, सरकी निघते, तेजाबाच्या पाण्यांत घालून तिच्यावरील लव काढतात, रंगाचा हात देतात. तेजाबाचें काम करणारा हजार लोकांचें काम करतो. त्यांतलें एक पोतें कसलें याची तो विचारपूस करीत नाहीं. पाकिटें छापणारा छापखाना वेगळ्याच गांवीं असतो. पाकिटावर फुललेल्या बोंडाचें चित्र असतें, एखादें भारदस्त नांव असतें. कंपनीचा पत्ता एक तर नसतो, असला तर त्या पत्त्यावर कोणी नसतो. कांहीं माल तर मोकळ्या पोत्यांतूनच येतो आणि पाकिटांत भरण्याचें काम इकडे होतें. २०२३ सालच्या जून महिन्यांत वर्धा शहरालगत म्हसाळा येथें पोलिसांनीं घातलेल्या छाप्यांत असला पाकिटें भरण्याचा कारखानाच उघडकीस आला. त्यांतील बियाण्याचा माग गुजराथेकडे लागला होता.

यानंतर शहरांचें काम सुरू होतें. सुरतेहून निघालेला हमरस्ता धुळें, जळगांव, मलकापूर करीत अकोल्यांत येतो, तेथून मूर्तिजापूरवरून अमरावतीस व पुढें नागपुरास जातो. त्या रस्त्यानें रोज साड्यांचे गठ्ठे येतात, फरशी येते, मीठ येतें, औषधें येतात. रात्रीच्या आरामगाड्यांच्या पोटांत प्रवाशांच्या ट्रंकांबरोबर पार्सलें येतात. शंभर पाकिटांचा एक खोका एका माणसानें सहज खांद्यावर घ्यावा एवढा. तो उतरवून घेण्यास गुप्त गुदाम लागत नाहीं. एखाद्याचें राहतें घर, नातेवाइकाचा गोठा, बंद पडलेलें दुकान एवढें पुरतें. अकोल्यांत कृषि विद्यापीठ आहे, बियाण्यांचीं व खतांचीं दुकानें ओळीनें आहेत, जिल्ह्याभरांतील शेतकरी उन्हाळ्यांत तेथें येतच असतो. अमरावतीची गोष्ट वेगळी नाहीं. ज्या शहरांत सारेच बियाण्यासाठीं आले आहेत त्या शहरांत बियाण्यासाठीं आलेला मनुष्य कोणाच्या नजरेंत भरणार?

दुकानाच्या फळीवर मात्र हा माल सहसा नसतो. दुकानदाराला परवाना जपावयाचा असतो. विक्री होते ती गांवांतील एखाद्या ओळखीच्या माणसाकडून. तो सावकार नसतो, गुंड नसतो. बहुधा स्वतःच चार-पांच एकरांचा शेतकरी किंवा शिकून घरीं बसलेला तरुण असतो. अक्षय्य तृतीयेच्या आगेंमागें तो कोणाला किती पाकिटें लागतील याची तोंडीं नोंद घेतो, थोडे पैसे आगाऊ घेतो, आणि एके रात्रीं मोटारसायकलीवरून घरपोंच देतो. त्याला तालुक्याचा दलाल ठाऊक असतो. दलालाला शहरांतला साठेवाला. साठेवाल्याला फोनवरचा एक आवाज. त्यापलीकडे कोणालाच कांहीं ठाऊक नसतें, आणि ठाऊक करून घेण्याची इच्छाही नसते. म्हणूनच छापा पडला कीं पोलिसांच्या हातीं साखळीची एक कडी लागते आणि दोन्ही बाजूंचे दुवे तेवढ्यांत सुटलेले असतात. येथें कोणी सूत्रधार मध्यभागीं बसून दोरे हालवितो असें समजणें बरोबर होणार नाहीं. असे मोठे कांहीं असतीलही. पण हा व्यापार मुख्यतः तगून आहे तो गुन्ह्याच्या वांटणीवर. पन्नास माणसांनीं वांटून घेतलेल्या गुन्ह्याचा एकेकाच्या वांट्यास येणारा तुकडा इतका लहान असतो कीं, तो गुन्हा आहे असें त्याला स्वतःलाही वाटत नाहीं.

सरकारी नियमांनींही या मालाला एक अनपेक्षित मदत केली. गुलाबी अळीचें चक्र तुटावें म्हणून पूर्वहंगामी लागवड नको, आणि ती होऊं नये म्हणून अधिकृत बियाणें शेतकऱ्याला १ जूनपूर्वीं विकूं नये, असें बंधन महाराष्ट्रांत कांहीं वर्षें होतें. हेतु शास्त्रशुद्ध होता. पण ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला मे महिन्यांतच सरकी टोबायची असते. दुकानाला तारीख होती, मोटारसायकलीला नव्हती. आणि २०२४ सालच्या मे महिन्यांत, अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर असतांना, एका मागणीच्या अधिकृत वाणासाठीं शेतकरी दुकानांपुढें तासन् तास रांगा लावून उभे होते. त्या रांगेंत उभें राहून दोनच पाकिटें घेऊन परतणाऱ्या मनुष्याला रात्रीं घरपोंच माल देणारा गांवकरी गुन्हेगार वाटेल, अशी अपेक्षा करणें धाडसाचें आहे.

या मुलखाच्या उंबरठ्यावर चोरटा माल अडविण्याचा एक अचाट प्रयोग पूर्वीं होऊन गेला आहे. मिठावरील कर चुकवून माल आंत येऊं नये म्हणून इंग्रजांनीं सिंधूपासून महानदीपर्यंत एक अंतर्गत जकातीची रेषा आंखली होती. १८६९ च्या सुमारास ती २३०० मैल लांब होती आणि तिच्यावर सुमारें १२ हजार माणसें पहारा करीत. तिच्या बऱ्याच मोठ्या भागावर बाभूळ, बोर, निवडुंग असल्या काटेरी झाडांचें जिवंत कुंपण वाढविलेलें होतें, आणि तें बऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे मेळघाटच्या पलीकडच्या अंगापर्यंत, येऊन भिडलें होतें. १८६७ ते १८७० या काळांत हें कुंपण वाढविणारे अधिकारी होते अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. तेच पुढें राष्ट्रसभेचे एक संस्थापक झाले, आणि त्या सभेचें अधिवेशन १८९७ सालीं अमरावतीस भरलें, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा. कुंपणावरून मिठाचीं पोतीं फेंकलीं जात, मिठानें लादलेलीं जनावरें रात्रीं त्यांतून दामटलीं जात. १८७७-७८ या एका सालांत ६ हजारांवर लोकांना शिक्षा झाल्या. १८७९ मध्यें रेषा मोडण्यांत आली ती कुंपण पुरेसें काटेरी नव्हतें म्हणून नव्हे. दोन्ही अंगांच्या मिठावरील करांत फारसा फरक ठेवला नाहीं, तेव्हां पोतें फेंकण्यांत कांहीं अर्थ उरला नाहीं. बियाण्याच्या बाबतींत असा फरक पैशांचा नाहीं, मंजुरीचा आहे, आणि तो अजून तसाच आहे.

तो किती मोठा आहे, याचा पहिला सरकारी अंदाज २०१७ सालीं केंद्र सरकारनें नेमलेल्या एका पाहणी समितीनें दिला. महाराष्ट्र, तेलंगण व आंध्र प्रदेश या राज्यांत कपाशीच्या सुमारें १५ टक्के क्षेत्रावर हें नामंजूर बियाणें असावें, असें तिच्या पाहणींत आलें. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं विशेष तपास पथक नेमलें. २०२१ सालीं बियाणें कंपन्यांच्या संघटनेनें सांगितलें कीं, आदल्या वर्षीं ३० लाख पाकिटें विकलीं गेलीं होतीं, यंदा तीं ७५ लाखांवर गेलीं. त्या वर्षीं अधिकृत पाकिटाची सरकारनें बांधून दिलेली कमाल किंमत ७६७ रुपये होती. कंपन्यांचे आंकडे कंपन्यांच्या सोयीचे असतात, हें ध्यानांत धरूनही व्यापार कोट्यवधींचा ठरतो. आणि एवढा व्यापार ज्या शहरांतून गेला त्या शहरांतील शिक्षकाला, वकिलाला, डॉक्टराला त्याची चाहूलही लागली नाहीं. चाहूल लागावी असें त्यांत कांहीं घडलेंच नव्हतें.

एकदां मात्र हें सारें मुद्दाम उघड्यावर आणलें गेलें. १० जून २०१९ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अकोट तालुक्यांत अकोली जहागीर या गांवीं शेतकरी संघटनेच्या हांकेवरून शेतकरी मोठ्या संख्येनें जमले आणि एका शेतांत त्यांनीं दिवसाढवळ्या, वार्ताहरांच्या समक्ष, हें बंदी असलेलें बियाणें पेरलें. शरद जोशींनीं स्थापलेल्या या संघटनेचें म्हणणें सरळ होतें: जगांतील इतर शेतकऱ्यांना जें तंत्रज्ञान उघडपणें मिळतें तें येथील शेतकऱ्यानें चोरासारखें कां घ्यावें? जें प्रत्येक जण बांधाआड करतो तें सर्वांनीं मिळून बांधावर केलें तर सरकार कोणाकोणाला पकडणार? अधिकारी आले, नमुने नेण्यांत आले, आणि कांहीं शेतकऱ्यांवर गुन्हे नोंदविले गेले. त्या वेळच्या पर्यावरण संरक्षण कायद्याप्रमाणें या गुन्ह्यास ५ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकत होता.

त्या दिवसाचें एक वैशिष्ट्य असें कीं, गुजराथेंतील प्लॉटवाला, पाकिटें छापणारा, आरामगाडींतून खोका पाठविणारा यांपैकीं एकही त्या शेतांत उभा नव्हता. उभा होता तो साखळींतला शेवटचा मनुष्य. नांव देऊन उभा होता तो तोच. एरव्हींच्या वर्षांतही जोखीम त्याच्याच अंगावर असते, फक्त ती कोणाला दिसत नाहीं. अधिकृत पाकीट घेणाऱ्यास पावती मिळते. बी उगवलें नाहीं तर तो तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाऊं शकतो, अधिकारी शेतावर येऊन पंचनामा करतात, आणि ग्राहक न्यायालयाचें दारही त्याला उघडें आहे. शेतकरी हा ग्राहकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालींच दिला आहे. चोरबीटीला पावती नाहीं. पावती नाहीं म्हणून तक्रार नाहीं. तक्रार करणें म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देणें.

ही गोष्ट विकणाऱ्यांना पुरती ठाऊक असते. दाणा पाहून जनुक कळत नाहीं. प्रयोगशाळेंत किंवा चांचणीच्या कागदी पट्टीवर तें कांहीं मिनिटांत कळतें. पण गांवांत ती पट्टी नसते. तेथें परीक्षा एकच: पीक महिन्याचें झालें कीं ग्लायफोसेट फवारावयाचें. पाकिटांत साधी सरकी भरलेली असेल तर आठवड्याभरांत तणाबरोबर कपाशीही पिवळी पडते. भेसळ असेल तर तासांत मध्येंमध्यें खिंडारें पडतात. तोंवर जुलै संपत आलेला असतो, दुबार पेरणीची वेळ निघून गेलेली असते. गांवांतला ओळखीचा माणूस तेव्हां खरोखरच ओशाळा होतो. तो दलालाला फोन करतो. फोन लागत नाहीं. पैसे उधारींत अडकलेले असल्यास तेवढे सुटतात. ज्या विश्वासावर ही सारी साखळी उभी आहे तो विश्वास फक्त खालच्या दोन माणसांमधला असतो. वरच्यांना त्याची गरजच लागलेली नसते.

आणखी एका बाजूकडे या वादांत कोणाचें लक्ष जात नाहीं. निंदणी हें वऱ्हाडांतील भूमिहीन घरांतल्या बायकांचें पावसाळ्यांतलें मुख्य काम आहे. मालकाच्या दृष्टीनें जी कटकट ती त्यांच्या घरची चूल. फवारा पंपवाल्या पुरुषाच्या हातीं गेला कीं ते दिवस कमी होतात. त्या बायकांना मालक सांगतो कीं यंदा निंदण नाहीं. कां नाहीं तें सांगावें लागत नाहीं. शेजारच्या बांधावरही परिणाम होतोच. वारा फिरला कीं फवाऱ्याचा अंश पलीकडच्या तुरींत जातो, पानें आंखडतात, आणि दोन भाऊबंदांत भांडण लागतें. त्याचाही पंचनामा होत नाहीं.

ब्राझील देशांत असेंच झालें होतें. तेथें नामंजूर असलेलें तणनाशक-सहनशील सोयाबीन १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या अर्जेंटिनांतून दक्षिणेच्या रिओ ग्रांदे दो सुल प्रांतांत चोरून येऊं लागलें. लोकांनीं त्याला अर्जेंटिनाच्या विख्यात फुटबॉलपटूचें, माराडोनाचें, नांव दिलें. पीक इतकें पसरलें कीं, २००३ सालीं तें विकूं देण्याखेरीज सरकारपुढें मार्ग राहिला नाहीं, आणि २००५ मध्यें कायदा करून त्याला कायमची जागा देण्यांत आली. वऱ्हाडांतील कित्येक शेतकरी याच दिवसाची वाट पाहत आहेत. ब्राझीलचा दाखला देणारे एक गोष्ट मात्र सांगावयाची विसरतात. सोयाबीनचें बी शेतकरी घरचें धरूं शकतो. संकरित कपाशीचें धरूं शकत नाहीं. मंजुरी मिळाली तरी दरसालचें पाकीट सुटत नाहीं. विकणारा तेवढा बदलेल, पावती मिळेल. ती पावती मात्र लहान गोष्ट नव्हे.

इकडे सरकारनें बियाण्याच्या ऐवजीं विषाच्या बाटलीवर हात ठेवून पाहिला. २०२२ सालच्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें हुकूम काढला कीं, ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीटकनियंत्रकांनींच करावी. असा परवानाधारक मनुष्य अकोट किंवा दर्यापूर तालुक्यांतील खेड्यांत शोधावयास निघालें तर दिवस जाईल. बाटली शोधावयास मात्र अर्धा तासही लागत नाहीं.

जुलैच्या अखेरीस अकोल्याहून अकोटकडे जाणाऱ्या एस.टी.च्या खिडकींतून पाहणाऱ्यास रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी दिसते. एका शेतांत लुगड्यांचे ओचे खोंचून दहा-बारा बायका ओणव्या झालेल्या असतात. त्याला लागून दुसरें शेत असतें. त्यांत कोणीच नसतें. तासांमधलें तण वाळून तांबूस झालेलें, आणि त्यांतून कपाशीच्या ओळी हिरव्यागार उठून दिसणाऱ्या. वर्षभर कोठेंही न दिसलेला तो माल त्या आठ-दहा दिवसांत असा भर रस्त्यावर उभा असतो. गाडींत बसलेल्या शेतकऱ्यांना तो ओळखूं येतो. कोणी एक जण शेजाऱ्याला विचारतो, “कोणापासून आणलं होतं?” शेजारी नांव सांगत नाहीं, पुढच्या वर्षीं सांगतों, म्हणतो.